गुरुवारी उजवीकडे वळणारी गाडी

"साहेब, तुमची गाडी गुरुवारी उजवीकडे वळते," असं शेजारच्या हवामानवाल्यांनी जिन्यात सहज म्हटलं आणि थंडोबांच्या काळजाचा ठोका चुकला.

आता गाडी म्हटल्यावर ती कधी उजवीकडे वळणार, कधी डावीकडे. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. थंडोबांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, चेहऱ्यावरची एकही रेघ हलू दिली नाही आणि "असं का? वळत असेल," म्हणून ते वर निघून गेले. घरात गेल्यावर मात्र त्यांनी न्हाणीघराची कडी लावून घेतली आणि स्वतःची नाडी धरून पाहिली. ती शर्यतीत धावत असल्यासारखी धावत होती.

थंडोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार निवारण कक्षानं बहाल केलं होतं. लोक तिथे रिकाम्या बादल्या घेऊन येत, टेबलावर आपटत, अधिकाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. थंडोबा शांतपणे बादली जरा बाजूला सरकवत आणि "बघतो, होईल," म्हणत. पाणी येवो न येवो, माणूस गार होऊन परत जायचा. हे नाव खात्यातून वसाहतीत आलं आणि वसाहतीतून थेट घरात. "आमच्या घरात एक तरी माणूस शांत आहे, म्हणून घर चाललंय," असं त्यांची बायको फोनवर आपल्या बहिणीला सांगताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दुसरा एखादा नवरा हे ऐकून सुखावला असता. थंडोबांची झोप उडाली.

कारण थंडोबा आतून मुळीच थंड नव्हते. त्यांना गॅसच्या बटणाची भीती वाटायची. लिफ्टची वाटायची. परगावी शिकायला गेलेल्या मुलीनं फोन उचलला नाही की त्यांना दरदरून घाम फुटायचा आणि तिनं उचलला की आता ही काय सांगते म्हणून पुन्हा फुटायचा. शेवटी एकदा कचेरीतल्या जुन्या मीटरच्या खोलीत ते धापा टाकत खाली बसले, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मनाच्या डॉक्टरबाई गाठल्या. दर गुरुवारी संध्याकाळी, कचेरीतून घरी येऊन चहा घेतला की, ते तिथे जात. घरी सांगितलं होतं की गुरुवारी आढावा बैठक असते. डॉक्टरबाईंच्या उपचारानं गॅसचं बटण जरा आटोक्यात आलं होतं, पण एक नवी भीती मूळ धरून बसली होती. बायकोला हे कळलं तर? ज्या खांबाला ती इतकी वर्षं टेकून उभी आहे तो आतून पोकळ निघाला, असं तिला वाटलं तर ती कशाला टेकणार? बाकी सगळ्या भीती एकीकडे आणि ही एक एकीकडे.

त्यात ती गाडी. गाडी आपोआप चालणारी होती. "जमान्याबरोबर राहायला हवं," असं थंडोबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की त्यांना स्वतः चालवायची भीती वाटायची. बसनं जावं तर कचेरीतलं कोणी ना कोणी शेजारी येऊन बसणार आणि कुठे निघालात म्हणून विचारणार. गाडी बिचारी काही विचारत नाही, असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हवामानवाल्यांना वाहनतळात गाठलं. "काल तुम्ही ते उजवीकडचं काय म्हणत होतात?" हे वाक्य त्यांनी आरशासमोर तीन-चारदा म्हणून पाहिलं होतं.

हवामानवाले म्हणजे हवामान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर त्यांनी अंदाज वर्तवले आणि जन्मभर आकाशानं त्यांना तोंडघशी पाडलं. निवृत्तीनंतर त्यांना स्वतःच्या नव्या गाडीच्या पडद्यावरचे ठिपके सापडले आणि त्यांच्या आयुष्याचं सोनं झालं, कारण ठिपके जिथे दिसत तिथेच खरोखर असत.

"त्याचं असं आहे साहेब," ते पडदा दाखवत म्हणाले, "या गाड्या एकमेकींशी सारख्या बोलत असतात. मी इथे आहे, एवढ्या वेगानं येतेय, आता वळणार आहे. नाही बोलल्या तर टकरा होतील."

"पण त्या खरं नाव सांगत नाहीत. कंपनीनं छातीठोकपणे सांगितलं होतं. टोपणनाव असतं, आणि तेही दर थोड्या वेळानं बदलतं."

"बदलतं ना! हे बघा, तुमची गाडी फाटकातून निघते तेव्हा तिचं नाव असतं आठ-क. कोपऱ्यावर आठ-क नाहीशी होते आणि त्याच जागी उगवते तीन-म. गल्लीत दुसरी गाडीच नाही. अहो, खोलीत एकटाच माणूस बसलाय, त्यानं टोपी बदलली तर काय दुसरा माणूस होतो?"

"मग तुम्ही मला… म्हणजे तिला… कुठपर्यंत बघता?"

"बाजारपेठेपर्यंत. तिथे गर्दीत मिसळते हो, मग नाही समजत," हवामानवाले हळहळले. "पण थोडं लक्ष दिलं तर जमेल."

हे आश्वासन ऐकल्यावर थंडोबांनी रजा टाकली आणि परिवहन कार्यालय गाठलं. तिथे एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आणि तिसरीवरून पुन्हा पहिलीवर असा प्रवास झाला. आपण स्वतः सरकारी नोकर असून आपल्याला हे सोसावं लागतंय याचं त्यांना फार वाईट वाटलं. आपल्या कक्षातही नेमकं हेच चालतं याची आठवण त्यांनी मनात येऊ दिली नाही. अखेर एका खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली.

"काय हवंय?"

"गाडीचं टोपणनाव जास्त वेळा बदलून हवंय."

"कारण?"

"खासगी आहे."

"खासगीच असतं सगळ्यांचं. काय लपवायचंय ते सांगा."

"बाई, ते सांगितलं तर लपणार कसं?"

"न सांगता लपवायची सोय आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

सुदैवानं आतल्या खोलीतले साहेब बरे होते. त्यांनी थंडोबांना बसवून घेतलं. एकटीनं शंभरदा नाव बदलून उपयोग नाही, ते म्हणाले. पाच-दहा गाड्यांनी एका जागी जमावं, घटकाभर सगळ्यांनी गप्प बसावं आणि एकदम नवी नावं घेऊन बाहेर पडावं. मग कोण कोण होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. "तुमच्या वसाहतीत पुष्कळ गाड्या असतील की! सगळ्यांचा एकत्र अर्ज आणा, सोय चालू करून देतो."

म्हणजे लपायचं असेल तर आधी सगळ्यांना गोळा करायचं. थंडोबा घरी आले ते डोकं धरूनच.

वसाहतीला सांगावं तर बोभाटा, न सांगावं तर हवामानवाले लक्ष देणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या पेचात असताना पहिल्या मजल्यावरच्या वीज मंडळातल्या गृहस्थांनी, कोणीही न विचारता, एक तोडगा सुचवला. त्यांनी परिवहन कार्यालयाची गोष्ट कुठून ऐकली हे कळायला मार्ग नव्हता, पण सल्ला देणाऱ्याला बातमीची वाट पाहावी लागत नाही. "स्वयंपाकघरात डबा गुंडाळायचा चंदेरी कागद असतो ना, तो गाडीच्या टपावरच्या उंचवट्यावर गच्च गुंडाळा," ते म्हणाले. "गाडी मुकी होते. मी जबाबदारीनं सांगतो."

पुढच्या गुरुवारी थंडोबांनी वाहनतळाच्या कोपऱ्यात, कोणी बघत नाही असं पाहून, कागद गुंडाळला. गाडी मुकी झाली यात शंका नाही. पण रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांना अचानक आपल्यात काहीतरी न बोलणारं, नाव न सांगणारं धूड शिरलेलं दिसलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. चौकात चारी बाजूंच्या गाड्या थंडोबांपासून अंतर राखून उभ्या राहिल्या. मधोमध मोकळी जागा आणि तिच्यात चंदेरी मुकुट घातलेले थंडोबा. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. सबंध गावात त्या घटकेला त्यांच्याइतका उघडा पडलेला माणूस दुसरा नसेल.

"गाडी बोलत का नाही?" वाहतूक पोलिसानं काचेवर टकटक केलं.

"तिचा घसा बसलाय," असं थंडोबा घाबरून बोलून गेले आणि मग त्यांना फार वेळ पोलिसाला समजावावं लागलं की आपण त्याची थट्टा करत नव्हतो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरबाईंकडे त्या दिवशी ते पोचले तेव्हा जेमतेम अर्धा वेळ उरला होता आणि तो सगळा वेळ चंदेरी कागदाबद्दल बोलण्यात गेला. शिवाय चौकातली हकीकत त्यांच्याआधी वसाहतीत जाऊन पोचली होती. तेव्हा आता सभेला पर्याय उरला नाही.

वसाहतीच्या अध्यक्षा म्हणजे माजी मुख्याध्यापिका. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पण त्या खोलीत आल्या की लोक आपोआप ताठ बसत. थंडोबांनी सभेत तत्त्वाचा प्रश्न मांडला. माणसाच्या येण्याजाण्याची गाडीनं जगभर दवंडी का पिटावी, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसलं तरी न लपवण्याची सक्ती का, असं ते बरंच बोलले. बोलताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. बायको कौतुकानं त्यांच्याकडे बघत होती, आणि ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

सभा भलतीच पेटली. आपण ठिपका आहोत हे लोकांना त्या दिवशीच कळत होतं. वीज मंडळवाले तर थरथरतच उठले आणि हवामानवाल्यांना म्हणाले, "तुम्ही माझीही गाडी बघता?"

"तुमची बघण्यासारखी नसते हो. कचेरी आणि घर," हवामानवाले म्हणाले, तेव्हा वीज मंडळवाल्यांना अधिकच अपमान वाटला.

एकत्र अर्ज झाला, सोय चालू झाली आणि त्याबरोबर गोपनीयता समितीही स्थापन झाली. समितीचं काम असं की सकाळी कोण कधी आणि कुठे जाणार हे प्रत्येकानं मोबाइलच्या गटावर कळवायचं, म्हणजे कोणाला कोणाबरोबर मिसळायचं ते ठरवता येईल. "गोपनीयता राखायची तर कोण कुठे जातंय हे सगळ्यांना माहीत हवं," मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं. पूर्वी एकट्या हवामानवाल्यांना जे थोडंफार कळायचं ते आता सबंध वसाहतीला तपशीलवार कळू लागलं. एरवी कोणाला न सांगता केस रंगवून येणाऱ्या बाईंना आता 'केस रंगवायला' असं लिहावं लागे. थंडोबा रोज 'कचेरी' लिहीत आणि गुरुवारी 'कचेरी, नंतर बैठक' लिहून, दोनदा पुसून, पुन्हा तेच लिहीत.

मग सगळ्यांनी मिळून एकदा चाचणी घ्यायची ठरली. सगळी कुटुंबं, सगळ्या गाड्या. मोठ्या चौकाच्या गोल रस्त्यावर मिसळायचं आणि पुढे मैदानावर जाऊन थांबायचं.

"गुरुवारी संध्याकाळी," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "कोणाला अडचण?"

"ह्यांची बैठक असते गुरुवारी," बायको म्हणाली.

"मग बैठक पुढे ढकला की! तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. शिवाय मूळ अर्जदार तुम्ही, तेव्हा तुमचीच गाडी सगळ्यात पुढे."

थंडोबा म्हणाले, "बघतो, होईल." दुसरं काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. डॉक्टरबाईंची वेळ रद्द करायला हवी होती, पण फोन केला की तिथली मुलगी कारण विचारणार, आणि कारण म्हणून काय सांगायचं? वसाहतीतल्या सगळ्या गाड्यांची मिरवणूक आहे? फोन उद्या करू असं म्हणता म्हणता गुरुवार उजाडला.

संध्याकाळी गाड्यांची रांग फाटकातून निघाली. सगळ्यात पुढे थंडोबा, शेजारी बायको. मार्ग मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः गाडीत घातला होता आणि मागच्या गाड्यांना पुढचीच्या शेपटीवर नजर ठेवून यायला सांगितलं होतं. बायको खुशीत होती. "किती दिवसांनी आपण असे संध्याकाळी बाहेर पडतोय," ती म्हणाली. थंडोबा मात्र दर मिनिटाला पडद्यावरचा मार्ग तपासत होते. सगळं सुरळीत चाललेलं असलं की त्यांना कधीच चैन पडत नसे.

गोल रस्त्यावर सगळ्या गाड्या गप्प झाल्या. एक चक्कर झाली. मग सगळ्यांनी एकदम नवी नावं घेतली, आणि मागच्या गाडीतून हवामानवाल्यांचा हर्षभरित आवाज फोनवर आला, "ओळखू येत नाही! कोणी म्हणजे कोणी ओळखू येत नाही!"

एवढ्यात थंडोबांच्या गाडीनं मैदानाचा रस्ता सोडला आणि ती उजवीकडे वळली.

घडलं ते अगदी नियमाला धरून घडलं. मैदानाचा मार्ग जुन्या नावाला दिलेला होता. नवं नाव घेताच जुन्या नावाचं सगळं पुसून टाकायचं, काही माग ठेवायचा नाही, हीच तर गोपनीयता. मार्ग पुसला गेला; मागच्यांना दिलेला शेपटीचा हुकूम कुठल्या नावाला नव्हता, तो तेवढा राहिला. मग गाडीनं वार पाहिला, वेळ पाहिली आणि मालक गुरुवारी जिथे जातो तो रस्ता इमानानं धरला.

"हे कुठे चाललोय आपण?" बायकोनं विचारलं.

थंडोबांनी पडद्यावर बोट आपटलं. गाडी गोड आवाजात म्हणाली, "नेहमीचं ठिकाण रद्द करण्यासाठी ठिकाणाचं पूर्ण नाव मोठ्यानं उच्चारा."

थंडोबांनी तोंड उघडलं. शेजारी बायको बसलेली. त्यांनी तोंड मिटलं. गाडीनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी गोड आवाजात. थंडोबांना खोकल्याची मोठी उबळ आली. गाडी बाजारपेठेतून गेली, पुलावरून गेली, आणि तिच्या शेपटीवर नजर ठेवून सबंध वसाहत मागोमाग आली.

गल्ली अरुंद होती. गाडी नेहमीच्या जागी थांबली आणि मागे एकेक करत सगळ्या थांबल्या. समोर पाटी होती. मुख्याध्यापिकाबाई खाली उतरल्या आणि फळ्यावरचं वाचावं तशी त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली, "मनःस्वास्थ्य चिकित्सालय. चिंता, भीती, निद्रानाश." मग आपण काय वाचलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईनं पाटीकडे पाठ फिरवली. काचांआडून सगळी वसाहत बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. एरवी पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सल्ला देणाऱ्या त्या माणसांपैकी एकालाही काही सुचेना.

फक्त हवामानवाले पडद्यात डोकं घालून होते. त्यांनी काच खाली केली आणि ओरडून सांगितलं, "चाचणी यशस्वी! आपण इथे आलोय हे बाहेरच्या कोणालाही कळलेलं नाही!"

बायको पाटीकडे बघत होती. तिच्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "हीच का तुमची आढावा बैठक?"

"बघतो, होईल," हे शब्द थंडोबांच्या जिभेवर आले होते. पण या वेळी ते बाहेर पडेनात. सगळं गाव शेपटीला बांधून इथवर आल्यावर आता लपवायला राहिलंच काय होतं?

"हो," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

"कशाची?"

"गॅसच्या बटणाची. लिफ्टची. पोरीनं फोन उचलला नाही की तिची. कचेरीतला फोन वाजला की त्याची. आणि तुला हे कळेल, याची सगळ्यात जास्त. आता तुझ्या घरात शांत माणूस कोणी नाही गं."

बायकोचे डोळे भरून आले होते, पण ती बोलली तेव्हा आवाजात चांगलाच राग होता.

"मी गॅस बंद आहे का म्हणून विचारायची आणि तुम्ही म्हणायचात, असेल. पोरीचा फोन लागला नाही की मी रडकुंडीला यायची आणि तुम्ही पेपर वाचत बसायचात. बहिणीला सांगायला ठीक आहे की आमचे हे शांत. पण मला वाटायचं, या माणसाला कशाचंच काही वाटत नाही. घरातली सगळी काळजी मी एकटीनं करायची. एकटीनं! कळतंय का तुम्हाला?"

"मी पेपर वाचत नव्हतो," थंडोबा म्हणाले. "नुसता धरून बसायचो."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले, दार उघडलं आणि खाली उतरून म्हणाली, "चला. वेळ निघून जाईल."

मागे मुख्याध्यापिकाबाईंनी टाळी वाजवली. "गाड्या वळवा सगळ्यांनी. आणि इथे कोणी काही पाहिलेलं नाही. समजलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या अरुंद गल्लीत नुकतीच नावं बदललेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या त्या गाड्या मोठ्या अदबीनं "आधी आपण, आधी आपण" करत कितीतरी वेळ अडकून पडल्या होत्या. वर डॉक्टरबाईंच्या खोलीत त्यांची घरघर ऐकू येत होती.

वरच्या खोलीत एकच आरामशीर खुर्ची होती, दर गुरुवारी थंडोबा बसत ती. बायको सरळ जाऊन तीत बसली. थंडोबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. डॉक्टरबाईंनी नुसतं "बोला" म्हटलं, आणि ती जी बोलायला लागली ती थांबेचना. गॅस निघाला, लिफ्ट निघाली, पोरीच्या वसतिगृहाचा जिना निघाला, नवऱ्याला कचेरीतून यायला उशीर झाला की मनात काय काय येतं ते निघालं. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदा पाण्याचा पेला पुढे केला. तो तिनं हातात धरला आणि तसाच धरून ती बोलत राहिली. थंडोबा स्टुलावर बसून ऐकत होते आणि मधून मधून मान हलवत होते. त्यांची मांडी सुन्न झाली होती, पण हलायचं त्यांच्या मनात आलं नाही.

वेळ संपली. डॉक्टरबाई थंडोबांकडे वळल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "आज तुमचं काहीच बोलणं झालं नाही. तुम्हाला काही सांगायचं होतं?"

"नाही," थंडोबा म्हणाले. "माझंच तर सांगत होती ती."